आपल्या भट्टीचा अभ्यास कोण करणार?

"कास्टिंग मऊ येतंय," असा मशीन शॉपवरून फोन आला तेव्हा रात्रपाळी संपायला तासभर उरला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा कामाला होतो. एसजी आयर्नचा, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या बिडाचा, एक ब्रॅकेट होता. गिऱ्हाइकाला कडकपणा किमान २०० बीएचएन (ब्रिनेल कडकपणा अंक) हवा होता आणि आमचा १७५ च्या पुढे सरकत नव्हता. धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर बटण, म्हणजे ओतलेल्या धातूचा चकतीएवढा नमुना, मारून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज ठीक. तांबं तर मुद्दाम घातलेलं. तांब्यानं पर्लाइट, म्हणजे लोखंडातली कठीण घडण, वाढतो आणि पर्लाइट वाढला की कडकपणा येतो, हे कॉलेजात शिकलेलं. म्हणून तांबं आणखी वाढवलं. खर्च वाढला, कडकपणा होता तिथंच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइटच्या प्रत्येक गोळीभोवती फेराइटचं, म्हणजे मऊ लोखंडाचं, पांढरं कडं दिसत होतं, आणि तेवढ्या रुंदीचं कडं तिथं असायला नको होतं.

तीन आठवडे रिजेक्शनचा ढीग वाढत गेला. भंगारवाल्याला बोल लागले, मेल्टरला बोल लागले, मलाही लागले. शेवटी एक तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तर आलं: बोरॉन. दहा लाखांत जेमतेम पंधरा-वीस भाग, पण तेवढ्यानं तांब्याचं सगळं काम पुसून टाकलं होतं. आमच्या स्पेक्ट्रोमध्ये बोरॉन मोजायची सोयच नव्हती. जे मोजत नाही ते दिसत नाही.

आता हा बोरॉन आला कुठून? संशयित दोन होते. पहिलं, आम्ही त्या महिन्यात नव्यानं घेतलेली मोटारींच्या पत्र्याची बंडलं. अपघातात प्रवाशाचा जीव वाचावा म्हणून आजकाल गाडीच्या सांगाड्यातले खांब बोरॉन घातलेल्या अतिकठीण पोलादाचे करतात. त्याचे पंचिंग आणि कापलेले तुकडे भंगारात येतात. दुसरं, भट्टीचं अस्तर. विजेच्या चुंबकीय क्षेत्रानं धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला आतून सिलिकाच्या रॅमिंग मासचा, म्हणजे ठोकून बसवायच्या भुकटीचा, लेप देतात आणि तो धरून राहावा म्हणून त्यात बोरिक ॲसिड मिसळतात. अस्तर नवं असताना पहिल्या काही हीटमध्ये (एक हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला घाणा) त्यातला बोरॉन धातूत उतरतो. आम्ही भंगाराचा पुरवठादारही बदलला आणि अस्तराचं मिश्रणही बदललं, दोन्ही एकाच आठवड्यात. काम सुरळीत झालं. पण दोन्ही एकदम बदलल्यामुळे खरा गुन्हेगार कोण, हे तेव्हा झाकलंच गेलं. कारखान्यात असंच होतं. डिस्पॅच थांबलेला असताना एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला कोणाला सवड असते?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं धरून ठेवायचं, पन्नास हीटचा हिशेब लिहायचा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि हे चार-पाच वर्षं करत राहायचं, याला पीएचडी म्हणतात. राज्य विधिमंडळाच्या २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सरकारी बाकावरून प्रश्न आला होता, पीएचडी करून काय दिवे लावणार? त्या प्रश्नानं राज्यभरची संशोधक मुलं दुखावली, आणि ते स्वाभाविक होतं. मला मात्र त्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावंसं वाटतं, कारण धातूंच्या बाबतीत ते उत्तर फार ठोस आहे. आपण ज्या प्रकारे पोलाद आणि बीड वितळवतो, त्यावरचं संशोधन जगात दुसरं कोणीही करणार नाही. ते आपल्याच मुलांनी, आपल्याच भट्ट्यांवर, पाच-पाच वर्षं बसून करायचं आहे आणि त्यांना पगार देऊन ते करवून घेणं ही सरकारची आणि कारखानदारांची गरज आहे, उपकार नाहीत.

दुसरं कोणी का करणार नाही, ते आधी पाहू. युरोप-अमेरिकेत भंगारापासून पोलाद करतात ते मुख्यत्वे इलेक्ट्रिक आर्क भट्टीत. त्या भट्टीत ऑक्सिजन फुंकता येतो, चुन्याची मळी (धातूवर तरंगणारा, अशुद्धी ओढून घेणारा वितळलेला थर) धरता येते, धातू थोडाफार शुद्ध करता येतो. आपल्याकडे देशातलं सुमारे एक तृतीयांश पोलाद इंडक्शन भट्टीत होतं. ही भट्टी स्वस्त, आटोपशीर, चालू-बंद करायला सोपी. जालन्याचं सगळं सळई-वैभव तिच्यावर उभं आहे. पण ती मुळात वितळवायची भट्टी आहे, शुद्ध करायची नव्हे. चीननं तर २०१७ च्या जूनअखेरपर्यंत पोलाद करणाऱ्या आपल्या इंडक्शन भट्ट्या सरसकट बंद केल्या. दहा कोटी टनांहून अधिक क्षमता एका फटक्यात गेली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद उत्पादकानं या भट्टीचा अभ्यास करायचं कारणच संपवून टाकलं. युरोपला ते कधी नव्हतंच. उरलो आपण. जालन्यात हजारो माणसांची चूल त्या भट्ट्यांवर चालते. चीनसारखं फर्मान काढून त्या बंद करणं मला मान्य नाही आणि शक्यही वाटत नाही. मग त्या सुधारायला हव्यात, आणि सुधारायच्या तर आधी समजून घ्यायला हव्यात.

समजून घ्यायचं म्हणजे काय, ते फॉस्फरसवरून सांगतो. घर बांधताना आपण जी सळई घेतो तिच्यावर आयएस १७८६ हे मानक लागू असतं. एफई ५००डी या प्रतीत फॉस्फरस ०.०४० टक्क्यांच्या आत हवा. फॉस्फरस जास्त झाला की पोलाद ठिसूळ होतं, आणि भूकंपात सळई वाकायला हवी तिथं तुटण्याचा धोका वाढतो. हा फॉस्फरस काढायचा तर चुन्याची, ऑक्सिडीकरण करणारी मळी लागते. पण इंडक्शन भट्टीचं अस्तर सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मी. चुना टाकला की तो अस्तरच खाऊन टाकतो. नंतर लॅडल फर्नेसमध्ये, म्हणजे वितळलेलं पोलाद ओतून घेऊन सुधारायच्या भांड्यात, गंधक काढता येतं, फॉस्फरस नाही. त्यामुळे आत जितका गेला तितका बाहेर येतो. आणि तो आत नेणारा माल म्हणजे स्पंज आयर्न, खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं सच्छिद्र लोखंड. भारत जगात सर्वाधिक स्पंज आयर्न करतो, आणि त्यातलं बहुतेक कोळशावर, फिरत्या भट्ट्यांमध्ये. जालन्याचा मेल्टर मग काय करतो? चांगलं भंगार आणि स्पंज यांचं प्रमाण अनुभवानं जुळवतो. वर्षानुवर्षांचं ते शहाणपण आहे आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते शहाणपण त्याच्याबरोबर निवृत्त होतं. चुन्याला टिकेल असं अस्तर आपल्या दरात बसेल का, किती हीट टिकेल, वितळवण्याच्या कोणत्या टप्प्यावर मळी बदलली तर फॉस्फरस किती उतरेल, हे प्रश्न कागदावर मांडून सोडवायला कोणीतरी बसलं पाहिजे.

तांब्याची गोष्ट त्याहून अवघड आहे. तांबं लोखंडापेक्षा कमी सहज जळतं, म्हणून कितीही ऑक्सिजन फुंका, लोखंड आधी जळेल आणि तांबं धातूतच राहील. आर्क भट्टीलाही हे जमत नाही. भंगारात एक जळकी मोटर वायंडिंगसकट गेली, गाडीचा सांगाडा वायरिंग न काढता दाबून बंडल केला, की ते तांबं त्या पोलादात कायमचं वस्तीला आलं. पुढं बिलेट, म्हणजे पोलादाचा ओतीव चौकोनी दांडा, अकराशे अंशांच्या आसपास तापवून रोलिंगला घेतात तेव्हा पृष्ठभागावरचं लोखंड पापुद्रा होऊन जळतं आणि तांबं मात्र त्याच्याखाली साठत जातं. तांबं १०८५ अंशाला वितळतं. ते द्रव होऊन पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि रोलखाली पृष्ठभाग फाटतो. रोलिंग मिलमधल्या माणसानं त्या बारीक भेगा पाहिलेल्या असतात. त्यामागचं तांबं त्यानं पाहिलेलं नसतं.

सळई हे सहन करते. गाडीचा पातळ पत्रा सहन करत नाही. त्यामुळे आज सगळं तांबं सळईत दडतं आणि सळई इमारतीत दडते. ती इमारत चाळीस-पन्नास वर्षांनी पाडली जाईल तेव्हा तेच पोलाद, अधिक तांबं घेऊन, पुन्हा भंगारात येईल. आपण पुढच्या पिढीसाठी एक भेसळ साठवून ठेवतो आहोत. हे थांबवायचे मार्ग दोन. भंगार भट्टीत जाण्याआधी नीट वेगळं करणं, किंवा तांबं सहन करील अशी रोलिंगची रीत आणि मिश्रधातू शोधणं. दोन्हींत डॉक्टरेटच्या दर्जाचं काम आहे, आणि पहिल्या मार्गात तर कुर्ल्याच्या भंगार गल्लीत बसून हातानं वायर सोलणाऱ्या माणसाचं ज्ञानही लागेल. ॲल्युमिनियमचं असंच आहे, थोडक्यात सांगतो: मिसळलेलं ॲल्युमिनियम भंगार आज इंजिनाच्या ओतीव भागांत खपतं. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन नाही. मग भोसरी-चाकणच्या डायकास्टिंगवाल्यांचा तो माल कुठं जाणार?

आपल्याकडे वितळवून पुन्हा वापरणं हे काही नवं शिकवायला नको. माझी आजी फुटकं पातेलं कधी टाकत नसे. ती मोड म्हणून भांड्यांच्या दुकानात वजनावर जायची आणि मोडीचा भाव वजा करून नवं पातेलं घरी यायचं. तांबटाच्या आळीत मोडीच्या पितळेतून तांब्याचं भांडं कोणी घडवत नसे, कारण काय कशात मिसळायचं नाही हे तिथल्या पोरालाही ठाऊक होतं. मोड तीन-चार धातूंची होती तोवर डोळ्यांना आणि हाताला ते जमलं. आजच्या एका मोबाइलमध्ये पन्नासच्या वर मूलद्रव्यं असतात. आता डोळा पुरत नाही.

सरकारला याची जाणीव नाही असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये पोलाद भंगार पुनर्वापर धोरण आलं. एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते, हा हिशेब त्याच धोरणात दिला आहे. २०२१ मध्ये जुनी वाहनं मोडीत काढायचं धोरण आलं. डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या झाली, टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या पोलादाला तारे मिळू लागले. २०२५ च्या जानेवारीत १६,३०० कोटींचं राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिजांचं अभियान मंजूर झालं. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद-ॲल्युमिनियमवर कार्बनचा आकार खऱ्या अर्थानं लागू केला, त्याचा धाक आहेच. पण या सगळ्यात एक मोठी फट राहते. तारे कार्बनला मिळतात, तांब्या-फॉस्फरसला नाहीत. भंगाराची मागणी वाढेल, भंगाराचा अभ्यास मात्र आहे तिथंच राहील. जुनी वाहनं जितकी जास्त मोडीत जातील तितका तो बोरॉन, ते मँगनीज, ते तांबं कोल्हापूरच्या मुशीत आणि जालन्याच्या बिलेटमध्ये येईल. धोरण करणाऱ्यांनी भंगाराकडे टन म्हणून पाहिलं. आम्हाला ते हीटनुसार पाहावं लागतं.

मग विद्यापीठं काय करतात? इथं मला थोडं कटू बोलावं लागेल, आणि ते मी माझ्याच क्षेत्राबद्दल बोलतो आहे. धातूशास्त्राचा आपल्याकडचा वारसा लहान नाही. बनारसला १९२३ मध्ये हा विभाग सुरू झाला, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा १९५० ची, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नागपूरला पिढ्यानपिढ्या धातुशास्त्रज्ञ घडले, पवईच्या आयआयटीत हा विभाग पहिल्यापासून आहे, नागपूरला ॲल्युमिनियमसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. पण गेल्या तीस वर्षांत विभागांच्या पाटीवर 'मटेरिअल्स सायन्स' आलं आणि हळूहळू भट्टी मागे पडली. नॅनो कणांवर सहा महिन्यांत शोधनिबंध निघतो. मळीवरच्या कामात पहिली दोन वर्षं नुसती मुशी फुटण्यात जातात. प्राध्यापकाची बढती निबंधांवर ठरत असेल तर तो विद्यार्थ्याला कुठं पाठवील? २०२२ च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट काढली, हे फार चांगलं झालं. सवय मात्र गेलेली नाही.

जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला लोह-संशोधनाची माक्स प्लांक संस्था आहे. २०२४ पासून तिनं आपलं नावच बदलून 'शाश्वत पदार्थांसाठीची' संस्था असं केलं. तिथं भंगारातल्या भेसळीवर आणि हायड्रोजननं लोखंड काढण्यावर पीएचडी करणाऱ्यांत भारतीय मुलंही असतात. युरोपातल्या आखेनला, ल्युव्हेनला, ट्राँडहाइमला शिकायला जाणारी आपली मराठी मुलं मला भेटतात आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. ती तिकडे जातात कारण तिकडे पीएचडी ही नोकरी आहे: करार, पगार, सुट्टी, विमा. पण ती तिकडच्या भंगाराचा अभ्यास करतात, आणि करणारच. पगार तिकडचा आहे.

आपल्याकडे किती लागतं? जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये छात्रवृत्ती मिळते. पाच वर्षांची बेरीज केली तर २४ लाख होतात, घरभाडं वेगळं. सळईचा भाव टनाला पन्नास हजार धरला तर ही ४८ टन सळई. जालन्याहून दोन ट्रेलर निघतात तेवढी. राज्याच्या संस्थांच्या छात्रवृत्तीसाठी मुलांना उपोषणाला बसावं लागलं, आणि मागायचं काय होतं तर प्रत्येकी दोन ट्रेलर.

मला ठाऊक आहे, कारखानदार म्हणतील की पीएचडीवाला भट्टीजवळ येत नाही, केबिनमध्ये बसतो आणि जे आम्हाला वीस वर्षांपूर्वी कळलं ते इंग्रजीत लिहून जातो. या तक्रारीत तथ्य आहे. मी असे प्रबंध पाहिले आहेत. त्याचा उपाय पीएचडी कमी करणं हा नाही, तिची जागा बदलणं हा आहे. विद्यार्थ्यानं अर्धा काळ भट्टीवर काढावा, पाळीत, हेल्मेट घालून. छात्रवृत्तीचा निम्मा भाग त्या गावच्या कारखानदारांच्या संघटनेनं द्यावा, कोणा एका मालकानं नाही, नाहीतर निष्कर्ष कुलुपात जातील. कोल्हापूर, जालना, भोसरीत काम करणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीवाल्या मुलांना अर्धवेळ पीएचडीचा रस्ता मोकळा करावा. नियमांत तो आहे, पण मालकाचं ना-हरकत पत्र मिळता मिळत नाही. आणि एक मागणी मी आग्रहानं करतो: अशा प्रत्येक प्रबंधाचा पंधरा-वीस पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा असावा, मेल्टरला वाचता येईल अशा भाषेत. ज्याच्या हीटवर प्रयोग झाला त्याला निष्कर्ष समजलाच नाही तर ते ज्ञान कोणाचं?

हा प्रश्न जिवाचाही आहे, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भंगारात बंद तोंडाचा शॉक ॲब्सॉर्बर किंवा पावसानं भिजलेलं बंडल द्रव धातूत पडलं की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी तोंडातून धातू ओकते. जालन्यात असे स्फोट झाले आहेत, माणसं होरपळली आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वितळताना पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत घेऊन कणकण अंगात घेऊन घरी गेलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. भंगार कसं ओळखावं, कसं सुकवावं, धुरातलं जस्त कसं परत मिळवावं, हेही संशोधनच आहे. त्याला 'साधं' समजून कोणी मार्गदर्शक हात लावत नाही.

शेवटी वेळेचा मुद्दा. सुरजागडचं खनिज आणि कोनसरीचा कारखाना यांच्या जोरावर गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करायची घोषणा झाली आहे. एकदा उभारलेली झोतभट्टी (खनिजातून लोखंड काढणारी मोठी भट्टी) पंधरा-वीस वर्षं हलत नाही. आज जे निवडू ते २०४५ पर्यंत आपल्या जंगलावर आणि हवेवर राहील. आज प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध पाच वर्षांनी येतो. म्हणजे निर्णय आधी आणि अभ्यास नंतर, हा क्रम आताच ठरून चालला आहे. गडचिरोलीच्या पोरापोरींना तिथं फक्त हेल्पर म्हणून घ्यायचं की त्या खनिजावर प्रबंध लिहायला बसवायचं, हेही याच वर्षी-दोन वर्षांत ठरेल.

त्या तीन आठवड्यांतली स्पेक्ट्रोची बटणं मी टाकली नाहीत. एकशे बारा आहेत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकावर हीट नंबर ठोकलेला. कोणत्या हीटला कोणतं बंडल गेलं आणि अस्तर कितव्या दिवसाचं होतं, ते माझ्या वहीत आहे. तीन पानं चहा सांडून खराब झाली आहेत, बाकी वाचता येतात. बोरॉन भंगारातून किती आला आणि अस्तरातून किती, हे त्यांतून काढता येईल असं मला अजूनही वाटतं. ज्या कोणा मुलीला किंवा मुलाला हा विषय पाच वर्षांसाठी घ्यायचा असेल, त्यांनी डबा आणि वही घेऊन जावी.